गोव्याच्या पावसात किड्यांना आवर घालताना: घरासाठी आणि परसासाठी घरचे उपाय

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याच्या भिंती ओल धरतात, मंगळुरी कौलांखालचे वासे दमट होतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. किड्यांना लागते ते सगळे, म्हणजे ओल, ऊब, अंधार आणि खाणे, या दिवसांत घरात आपसूक मिळते. घाटावरून नोकरीसाठी म्हापशाला किंवा फोंड्याला येऊन राहिलेली माणसे पहिल्याच पावसात विचारू लागतात, "इतक्या मुंग्या आल्या कुठून?" आणि मग मोबाइलवर दिसेल ते शिंपडत सुटतात.

हा लेख त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी नुकतीच परसात चार भेंड्या नि दोन दोडक्याचे वेल लावले आहेत त्यांच्यासाठीही. माझे म्हणणे एकच आहे. किडा मारण्याआधी तो कशासाठी आला ते शोधा. पाणी, खाणे आणि शिरायची फट यांपैकी एक जरी गोष्ट तोडली तरी त्याचा मुक्काम अवघड होतो. घरचे उपाय त्याच्यानंतर. काही किड्यांपुढे घरचा उपाय चालतच नाही. ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

आधी बॅटरी घेऊन एक फेरी

रात्री जेवणे आटोपल्यावर स्वयंपाकघरातले दिवे मालवा. अर्ध्या तासाने बॅटरी घेऊन आत जा. ओट्याखाली, सिंकच्या पाइपाभोवती, फ्रिजमागच्या पाण्याच्या ट्रेमध्ये, गॅसच्या सिलिंडरमागे आणि न्हाणीच्या जाळीवर उजेड टाका. झुरळे कुठे पळतात ते बघा, कारण ती पळतात तिथेच त्यांचे घर असते. मुंग्यांची रांग दिसली तर पुसू नका. ती भिंतीत कुठे शिरते तिथपर्यंत जा आणि त्या फटीवर पेन्सिलीने खूण करा. परसातली फेरी सकाळी ऊन चढण्याआधी करावी आणि प्रत्येक पान उलटून पाहावे. मावा, पांढरी माशी, कोळी सगळे पानाच्या मागच्या बाजूला बसतात. वरून हिरवेगार दिसणारे झाड खालून खाल्लेले असते.

या फेरीनंतरच बाजारात जा. फार काही लागत नाही. औषधाच्या दुकानातून बोरिक पावडर, कृषी साहित्याच्या दुकानातून नीमतेल, साधा अंगाचा साबण, लसूण-मिरची, फवारणीची बाटली, जुने सुती फडके आणि रबरी हातमोजे. कपडे धुण्याची पावडर परसासाठी वापरू नका, तिने पाने करपतात.

मुंग्या

पाऊस सुरू झाला की जमिनीतल्या वारुळांत पाणी शिरते आणि मुंग्या अंडी घेऊन कोरड्या जागी निघतात. म्हणून जूनमध्ये त्या भिंतीच्या सांध्यातून, स्विचबोर्डातून, अगदी पुस्तकांच्या कपाटातूनही बाहेर पडतात. हळद, दालचिनी, खडूची रेघ यांनी रांग फक्त वळते. घरटे जसेच्या तसे राहते आणि दोन दिवसांनी रांग दुसऱ्या खिडकीतून येते.

घरट्यापर्यंत पोचायचे तर ते काम मुंग्यांकडूनच करून घ्यावे लागते. त्यासाठी एक कप कोमट पाण्यात दोन मोठे चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा ठेवून तो या पाण्यात भिजवा आणि झाकण रांगेच्या कडेला ठेवा. बोरिक वाढवायचा मोह आवरा. जास्त झाले तर मुंगी वाटेतच मरते. कमी असले तर ती पोटभर पिऊन घरट्यात जाते, तिथे राणीला आणि पिल्लांना भरवते, आणि मग सगळे घरटेच संपते. पहिल्या दिवशी झाकणाभोवती गर्दी उसळेल. ती पुसू नका, तिच्यावर स्प्रे मारू नका. चार-पाच दिवसांत रांग विरळ होते. बोळा रोज नवा भिजवा. गोडाकडे मुंग्या फिरकल्या नाहीत तर तेच प्रमाण थोड्या शेंगदाणा कुटात किंवा तुपात मिसळून पाहा. काही जातींना तेलकट जास्त आवडते.

रांग थांबल्यावर ती वाट साबणाच्या पाण्याने किंवा व्हिनेगरने पुसून काढा. मुंग्या चालताना मागे वास सोडत जातात आणि मागच्या मुंग्या त्या वासावर येतात. वास पुसला की वाट बुजते. मग खूण केलेली फट सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. आधी बुजवली तर आत अडकलेल्या दुसरीकडून फुटतात.

गोव्यातल्या जुन्या घरांत जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची पद्धत आहे. पद्धत उत्तम आहे, पण ते पाणी आठवडाभर तसेच राहिले तर त्यात डास होतात. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, किंवा वर तेलाचे दोन थेंब सोडा.

बोरिक पावडर पोटात गेली तर विषारी आहे. रांगती मुले, कुत्री-मांजरे असलेल्या घरात झाकण उघडे ठेवू नका. छोट्या प्लॅस्टिकच्या डबीला बारीक भोके पाडून बोळा आत ठेवा आणि डबी टेपने बंद करा.

झुरळे

झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढते, पाण्यावाचून त्याला जगता येत नाही. म्हणून पहिले काम गळणारा नळ, सिंकखालचा ओला पाइप, रात्रभर भिजत पडलेले फडके. झोपण्याआधी सिंक कोरडे पुसा आणि न्हाणीच्या जाळीवर उलटी ताटली ठेवा. मोठी तपकिरी झुरळे बहुतेक गटारातूनच वर येतात.

मग गोळ्या. बोरिक पावडर आणि कणीक समान, त्यांच्या निम्मी साखर, किसलेल्या कांद्याचा रस घालून घट्ट मळा आणि वाटाण्याएवढ्या गोळ्या करून वाळवा. फ्रिजमागे, ओट्याच्या कोपऱ्यात, बिजागऱ्यांच्या आसपास ठेवा. पावसाळ्यात आठवड्यात त्यांना बुरशी येते, मग झुरळ तोंड लावत नाही, म्हणून दर आठवड्याला नव्या. गोळ्या ठेवल्या तिथे बाजारी स्प्रे मारू नका, त्याच्या वासाने झुरळे तिथे यायचीच थांबतात. अंड्यांच्या कोशांवर बोरिकचा काही परिणाम होत नाही. पिल्ले पुढे कितीतरी आठवडे बाहेर येत राहतात. त्यामुळे झुरळे दिसेनाशी झाली तरी दोन महिने गोळ्या चालू ठेवायच्या. बहुतेक घरांत उपाय फसतो तो इथेच.

बेगमीचे धान्य

पावसाळ्याची बेगमी म्हणजे गोव्यातले पुरुमेत. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, आमसुले, सुकी मासळी, कडधान्ये वाळवून चार महिन्यांची सोय करायची. बाजारात सगळे बारा महिने मिळू लागले तरी ही रीत सोडू नये असे मला मनापासून वाटते, कारण किड्यांविरुद्ध एवढे नेमके शहाणपण दुसऱ्या कशात नाही. पाऊस सुरू झाल्यावर धान्य वाळवायला ऊन मिळत नाही. जे करायचे ते मेअखेरपर्यंत.

डाळी, अळसांदे, चवळी, मूग यांना सलग दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा. तांदूळ मात्र उन्हात फार वेळ ठेवला की तडकतो आणि शिजताना तुटतो. तो सावलीत, वाऱ्यावर पसरा. वाळवलेले धान्य गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. गरम भरले तर झाकणाखाली पाणी सुटते आणि किडा नाही तर बुरशी धरते. घाईत हेच हमखास विसरले जाते. डबा आधी धुऊन, उन्हात तापवून घ्यावा. कोपऱ्यात राहिलेल्या जुन्या पिठात गेल्या वर्षीचे टोके, म्हणजे धान्यातले किडे, असतात.

कडधान्यांना किलोमागे लहान चमचाभर एरंडेल तेल चोळले की भुंग्याला दाण्यावर अंडी घालणे जड जाते. वापरण्याआधी धुतले की तेल निघून जाते. कडुनिंबाचा सावलीत खडखडीत वाळवलेला पाला आणि सुक्या मिरच्या डब्यात ठेवल्याने बाहेरून येणारे किडे दूर राहतात, पण दाण्याच्या आत आधीच असलेली अळी त्याने मरत नाही. कडधान्यांत बऱ्याचदा ही अंडी शेतातूनच आलेली असतात. अशा वेळी सोपा उपाय फ्रीझर. रवा, मैदा, बेसन, थोडी कडधान्ये बंद पिशवीत घालून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. अंडी-अळ्या सगळे मरते. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरते.

धान्याला बोरिक पावडर चोळून ठेवायची सवय कित्येक घरांत अजून आहे. कृपा करून ती सोडा. तांदूळ कितीही धुतला तरी सगळी पावडर निघेल याची खात्री देता येत नाही, आणि तो भात आपणच खातो.

सुक्या बांगड्यांना किंवा सुंगटांना (कोळंबीला) किडा लागू नये म्हणून एकच पथ्य आहे: मीठ पुरेसे असावे, मासळी पूर्ण वाळलेली असावी आणि बरणी हवाबंद असावी. पावसात मध्येच ऊन पडले की तासभर बाहेर काढा.

फळांवरच्या चिलटांसाठी माडाच्या सुरेचे व्हिनेगर हाताशी असेल तर त्याहून चांगले काही नको. वाटीत बोटभर व्हिनेगर, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, वर कागदाचे नरसाळे. चिलटे वासाने आत शिरतात आणि साबणामुळे बुडतात. पिकलेली केळी मात्र झाकून ठेवायला हवीत, नाहीतर चिलटांना दोन्ही पाहुणचार मिळतात.

डास: आठवड्यातून एक दिवस

इथे जरा थांबून वाचा, कारण इथे आजाराशी गाठ आहे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला एक ठरलेला वार धरायचा आणि त्या दिवशी घराभोवतीचे सगळे साचलेले पाणी ओतून टाकायचे. मध्ये एकही आठवडा गाळायचा नाही. धूप, कापूर, गवती चहा या सगळ्यांची बेरीज केली तरी या एका कामाची बरोबरी होत नाही.

गोव्यातल्या घराभोवती पाणी कुठे साचते? खोबरे काढून टाकलेल्या करवंट्यांत. पिऊन फेकलेल्या शहाळ्यांत. छपरावर किंवा लाकडांवर घातलेल्या ताडपत्रीच्या घडीत. जुन्या टायरांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत, बांधकामावरच्या टाक्यांत, बंद पडलेल्या फ्रिजात, पन्हळीत पाने अडकून. करवंट्या पालथ्या घाला किंवा जळणात टाका. ताटल्यांत वाळू भरा, म्हणजे ओल राहते पण पाणी उघडे राहत नाही.

नुसते पाणी ओतून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुढच्या वेळी पाणी भरले की पुन्हा जिवंत. पिंप, बादली, फुलदाणी आतून घासणीने खसाखसा घासा.

छतावरच्या टाकीचे झाकण घट्ट बसते का ते वर चढून स्वतः बघा. मलेरियाचा शहरी डास टाक्यांत आणि विहिरींत अंडी घालतो. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला नायलॉनची जाळी बांधा, सेप्टिक टँकच्या हवेच्या नळीलाही. विहीर असेल तर गप्पी मासे सोडा. जवळच्या आरोग्य केंद्रात त्यांची चौकशी करता येते. विहिरीत तेल किंवा औषध टाकू नका. उपसता न येणाऱ्या सांडपाण्याच्या खड्ड्यात मात्र वापरलेल्या तेलाचे चार थेंब चालतात. पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतो आणि डासांच्या अळ्यांना श्वास घेता येत नाही.

गोठ्यात नारळाच्या सोडणांची आणि कडुनिंबाच्या पाल्याची धुरी घालतात, ती उघड्यावर ठीक. बंद खोलीत धूर कोंडू नका. दम्याच्या माणसाला आणि तान्ह्या मुलाला तो डासापेक्षा जड जातो. १०० मिली खोबरेल तेलात २ मिली नीमतेल मिसळून हातापायांना लावले तर काही वेळ डास दूर राहतात. आधी मनगटाला थोडे लावून त्वचा लाल होते का ते पाहा आणि लहान बाळांना लावू नका. घरात कोणाला ताप असेल तर मच्छरदाणी हवीच, दिवसासुद्धा. ताप उतरत नसेल तर काढे करत बसू नका, रक्त तपासून घ्या.

वाळवी

गोव्यात वाळवीच्या वारुळाला, म्हणजे रोयणीला, सांतेरी देवी म्हणून पुजतात. कितीतरी गावांतल्या सांतेरीच्या देवळात आजही वारूळ हेच दैवत आहे. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा रानाच्या कडेला वारूळ दिसले म्हणून ते फोडायचे काही कारण नाही. वाळवीच्या अनेक जाती मेलेले लाकूड आणि पालापाचोळाच खातात आणि माती भुसभुशीत करतात. घराला लागलेली वाळवी ही वेगळी गोष्ट आहे.

तिची खूण भिंतीवर चढत जाणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या. एक नळी दोन इंच खरवडून काढा आणि दोन दिवसांनी बघा. पुन्हा बांधली असेल तर आत वस्ती जिवंत आहे. वासा, चौकट, कपाटाची पाठ बोटाने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर आतून खाल्लेले आहे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचे थवे येतात, ती वाळवीचीच नवी जोडपी. त्या संध्याकाळी बाहेरचे दिवे तासभर बंद ठेवा आणि खिडक्या लावा.

घरच्या घरी काय करता येते? लाकूडफाटा, पुठ्ठ्याची खोकी, जुनी वर्तमानपत्रे भिंतीला टेकवून ठेवू नका. चार बोटे अंतर आणि खाली विटा. कौले मेमध्येच शाकारून घ्या, गळणाऱ्या कौलाखालचा वासाच आधी जातो. नव्या, कोरड्या लाकडाला रंगाआधी गरम पाण्यात विरघळवलेल्या बोरिकचे दोन हात द्या. वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी पद्धत खरोखर उपयोगी आहे. ते तेल अंगावर पडले तर मात्र भाजल्यासारखे फोड येतात. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा घातल्याशिवाय डब्याला हात लावू नका, आणि शक्यतो सवयीच्या माणसाकडून लावून घ्या.

वासा किंवा चौकट आतून पोखरली असेल तर घरचा उपाय विसरा. वस्ती जमिनीत असते, वर रॉकेल ओतून ती मरत नाही आणि आगीचा धोका वाढतो. वाळवीचे काम करणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा, सुताराला बरोबर घ्या.

ढेकणांचेही तसेच. चादरी-अभ्रे ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुणे, पलंग खोलून सांध्यांवर वाफ देणे, उन्हाळा असेल तर गादी दिवसभर उन्हात टाकणे, एवढे करा. दोन आठवड्यांत फरक नसेल तर माणूस बोलवा.

परसातली तीन औषधे

साबणाचे पाणी सगळ्यांत आधी शिका. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम किसलेला अंगाचा साबण विरघळवा, गाळून बाटलीत भरा. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांच्या मऊ अंगावर थेट पडले तरच ते मारते; वाळल्यावर त्याचा काही जोर उरत नाही. म्हणून पानांच्या मागे, शेंड्यात, सांध्यात नीट भिजेल असे मारा. आधी एका पानावर मारून एक दिवस थांबा, पान पिवळे पडले नाही तर पूर्ण झाडावर. भर उन्हात कधीच नाही.

दुसरे निंबोळीचे. कडुनिंब गोव्यात घाटावरच्याइतका मुबलक नाही, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याकडून वाळलेल्या निंबोळ्या मागवून ठेवा. ५० ग्रॅम निंबोळ्या जाडसर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, त्यात चिमूटभर साबण घाला. हा झाला ५ टक्के अर्क. निंबोळ्या नसतील तर ५ मिली नीमतेल आधी थोड्या कोमट साबणपाण्यात दुधासारखे होईपर्यंत घोटा, मग लिटरभर पाण्यात मिसळा. तेल थेट पाण्यात टाकले तर वर तरंगते, पहिल्या फवाऱ्यात नुसते पाणी आणि शेवटच्यात नुसते तेल, मग पाने करपतात. निंबाने किडा लगेच मरत नाही. तो खायचे सोडतो, पिल्लांची कात टाकणे अडते, आणि फरक दिसायला काही दिवस लागतात. उन्हात त्याचा गुण उतरतो, म्हणून फवारणी सूर्य कलल्यावर. त्या वेळी मधमाश्याही फुलांवरून परतलेल्या असतात. केलेले पाणी त्याच दिवशी संपवा. दर ८-१० दिवसांनी पुन्हा.

तिसरे लसूण-मिरची. लसणाचा एक गड्डा आणि पाच-सहा तिखट हिरव्या मिरच्या वाटून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवा, दोनदा गाळा, साबणाचा थेंब घाला. याने किडे मरत कमी, पळतात जास्त, आणि जोर एक-दोन दिवसच. डोळ्यांवर चष्मा घाला आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.

भर जुलैमध्ये यांपैकी काहीच पानावर टिकत नाही. संततधारेच्या दिवसांत फवारणीचा नाद सोडून हाताने वेचणे हाच उपाय. भेंडीवरची अळी, अंड्यांचे पुंजके, पोखरलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात टाका. गोगलगायींसाठी संध्याकाळी ओला गोणपाट जमिनीवर पसरा, सकाळी उलटला की खाली सगळ्या सापडतात. मीठ टाकू नका, माती खारट होते. लाल माठाचे बी पेरल्याबरोबर मुंग्या पळवतात. बी चुलीच्या राखेत मिसळून पेरा.

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण हा नवख्यांचा पहिला शत्रू. शेंड्यांवर कापसासारखे पांढरे दिसते, पाने आखडतात, खाली चिकट थेंब पडतात आणि मुंग्यांची ये-जा सुरू असते. मुंग्या त्या गोड चिकट्यासाठी पिठ्याला राखतात, त्याच्या शत्रूंना हाकलतात, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. खोडाला कागदाची पट्टी गुंडाळा, तिच्यावर ग्रीस फासा आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा. मग सर्वांत वाईट शेंडे कापून साबणाच्या बादलीत बुडवा, बाकी झाडावर नळीने जोरात पाणी मारा, आणि दुसऱ्या दिवसापासून साबणाचे पाणी, आठवड्याने एकदा असे तीन वेळा.

इथे एक गोष्ट नीट पाहायची. त्याच शेंड्यावर पिठ्यापेक्षा मोठी, तशीच पांढऱ्या झालरीची, पण भराभर चालणारी अळी दिसली तर तिला हात लावू नका. ती ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका चित्रकिड्याची (लेडीबर्डची) अळी आहे आणि पिठ्या हेच तिचे जेवण. पपईवरचा पिठ्या २००८ मध्ये भारतात पहिल्यांदा कोइंबतूरला आढळला आणि दक्षिणेत पसरून त्याने बागा उद्ध्वस्त केल्या. त्याला आवर घातला तो २०१० मध्ये बाहेरून आणून सोडलेल्या एका इवल्याशा गांधीलमाशीने. दिसेल त्या किड्यावर फवारा मारणारा माणूस आधी असे मित्रच मारतो. आंब्या-काजूवर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्याही त्यातल्याच. चावतात कडाडून, पण काजूचा मोहोर सुकवणाऱ्या ढेकण्याला त्या खातात.

काकडी, दोडका, कारल्याला फळमाशी लागते. कोवळ्या फळाला सुई टोचल्यासारखे भोक, मग फळ वाकडे होते, पिवळे पडते, गळते. आत अळ्या असतात, फवारा तिथे पोचत नाही. फूल गळून फळ बोटाएवढे झाले की त्याला कागदाची किंवा मलमलीची पिशवी बांधा. गळलेली फळे रोज उचला, खतात टाकू नका, कारण अळी मातीत शिरून कोष करते. जाड पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा किंवा झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवा. विकतचा सापळा आणायचा तर विचारून आणा. आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉल नावाचे वासाचे आमिष लागते, वेलभाज्यांच्या माशीला क्यू-ल्यूर. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. तुळशीतही मिथाइल युजेनॉल असते, त्यामुळे चुरगाळलेल्या तुळशीच्या पानांवर आंब्याच्या फळमाशीचे नर येतात. आंब्याखाली असा घरचा सापळा करून पाहता येतो.

माडाच्या नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी दिसल्या तर तो गेंडा भुंगा. लहान माड असेल तर शेंड्याच्या भोकातून लोखंडी आकड्याने भुंगा ओढून काढा आणि वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात भरा. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. खत उपसताना पांढऱ्या, बाकदार, जाड अळ्या दिसतील त्या वेचून कोंबड्यांना टाका. उंच माडावर स्वतः चढू नका.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, पुढे ती हिरवी होते. रोप लहान असेल तर अळी उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर ठेवा. तिचे फुलपाखरू होते.

जे करू नये

तंबाखूचे पाणी फवारू नका. निकोटीन त्वचेतून अंगात शिरते आणि ते जहाल विष आहे. दहा झाडांच्या पाल्याच्या दशपर्णी अर्कात कण्हेर आणि रुई घालतात. शेतावर सवयीचा माणूस ते सांभाळतो, मुले खेळतात त्या परसात ती दोन पाने नकोत. डांबराच्या गोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नका, काही मुलांच्या रक्ताला त्या घातक ठरतात. कोणतेही औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, आणि बाटलीवर नाव व तारीख लिहा. चुकून कोणाच्या पोटात काही गेलेच तर ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा आणि ती बाटली किंवा पुडी बरोबर घेऊन दवाखान्यात जा. भाजी फवारली असेल तर निदान दोन दिवस थांबून, धुऊनच चुलीवर चढवा.

तीन आठवडे सगळे करूनही झाड सुधारत नसेल तर तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जा. जाताना रोगट पान, शेंडा किंवा फळ किड्यासह बंद पिशवीत न्या, ओले करू नका, आणि त्याच दिवशी न्या. पूर्ण झाडाचा, पानाच्या मागच्या बाजूचा आणि बुंध्याचा असे तीन फोटो काढा. कधी सुरू झाले, काय काय फवारले आणि किती वेळा, ते कागदावर लिहून न्या. नुसते "झाडाला कीड लागली" एवढ्यावर कोणालाही नीट सल्ला देता येत नाही.